दाबोळीचा नौदल तळ आणि गोव्याचं पोट: हिशोब मांडूया का?

शुभदा_मांगोर

गेल्या महिन्यात बाबांचं दुकान आवरलं. वास्कोत मांगोरच्या चढावर, नौदलाच्या वरुणापुरी वसाहतीच्या वाटेवर त्यांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. माळ्यावर उधारीच्या वह्यांचा गठ्ठा सापडला आणि दोन रात्री मी त्याच वाचत बसले. वाळवीने कडा खाल्ल्या आहेत, पण आमच्या घराची तीस वर्षं त्यांत आहेत आणि जवळजवळ प्रत्येक पानावर नौदल आहे.

काम असं असायचं. मार्च सरला की बदल्यांचे हुकूम निघायचे, मुलांच्या परीक्षा झाल्या की बिऱ्हाडं हलायची. एका घराला सहा ते दहा पेट्या लागत. बाबा पेटीला काळ्या ऑइलपेंटचे दोन हात द्यायचे. तो वाळला की खडू चोळलेली दोरी ताणून झटकायची, दोन सरळ रेघा उमटायच्या आणि त्यांच्या मधोमध पांढरी अक्षरं काढायची: नाव, हुद्दा, नंबर, खाली जायचं ठिकाण. कोची. विशाखापट्टणम. अरक्कोणम. पोर्ट ब्लेअर. मी भूगोल त्या पेट्यांवर शिकले. मेअखेर वळीव कोसळला की ओल्या रंगाच्या पेट्या आत घ्यायला सगळी आळी धावायची. जूनमध्ये नवी बिऱ्हाडं यायची. त्यांच्या पेट्यांवरचं ‘वास्को’ दुसऱ्या गावच्या रंगाऱ्याच्या हातचं असायचं आणि बाबा ते अक्षर निरखत उभे राहायचे.

आमच्याच नव्हे, आळीतल्या प्रत्येक घराचं असंच होतं. गणवेश शिवणारे शिंपी, दूधवाला, मासळीवाली, शिकवण्या घेणाऱ्या बाई, स्कूटरवाला, खोल्या भाड्याने देणारे. श्रावणात दामोदर भजनी सप्ताहाची फेरी भरली की वसाहतीतली कुटुंबं मुलाबाळांसह उतरायची आणि फेरीवाले ते गृहीत धरूनच माल भरायचे. त्यामुळे ‘नेव्ही नसती तर वास्को काय असतं?’ हे लहानपणापासून ऐकलेलं वाक्य मला पोकळ वाटत नाही.

पण अख्खा गोवा काही मांगोरच्या चढावर राहत नाही. दुसरं वाक्यही तितकंच जुनं आहे: ‘नेव्हीने विमानतळ अडवून ठेवला.’

वास्कोलगतच्या दाबोळीची धावपट्टी मुळात नौदलाची नव्हे. भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा पोर्तुगिजांनी १९५५ मध्ये ती उभी केली. तिथून त्यांची प्रवासी विमानं दमण, दीव, कराचीला जायची. १८ डिसेंबर १९६१ ला पुण्याच्या लोहगावहून आलेल्या कॅनबेरा विमानांनी तिच्यावर बॉम्ब टाकले. मुक्तीनंतर १९६२ मध्ये ती नौदलाकडे आली आणि १९६४ मध्ये आयएनएस हंसा हा नौदलाचा हवाई तळ कोइमतूरहून इथे हलला. तेव्हापासून जमीन, धावपट्टी, हवाई वाहतूक नियंत्रण सगळं नौदलाचं. सुमारे १,७०० एकरांच्या आवारात प्रवासी टर्मिनलला एक कोपरा मिळाला.

त्या कोपऱ्यावर राज्य उभं राहिलं. १९८० च्या दशकात जर्मनीहून पहिलं चार्टर विमान उतरलं. कोविडच्या आधी वर्षाला ८० लाखांवर प्रवासी त्या एका धावपट्टीवरून ये-जा करत होते, आणि २०११ च्या जनगणनेत गोव्याची वस्ती साडेचौदा लाख होती. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, सावरता सावरता २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. उरलं पर्यटन, आणि पर्यटनाचा दरवाजा म्हणजे तेव्हा एकटी दाबोळी.

आणि हा दरवाजा सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठ ते दुपारी एक बंद. ती वेळ लष्करी सरावाची. आठवड्याचे साडेबावीस तास म्हणजे वर्षाकाठी जवळजवळ ४९ अख्खे दिवस होतात. माझा भाऊ कळंगुटच्या एका हॉटेलात बरीच वर्षं स्वागतकक्षात होता. खोली सोडायची वेळ सकाळची, विमान दुपारनंतरचं, त्यामुळे सामानासह लॉबीत बसलेली माणसं हे त्याचं रोजचं दृश्य. दुपारी एकनंतर विमानं एकामागून एक उतरायची. पट्ट्यावर सामानाचा ढीग, बाहेर टॅक्सीला रांग, चिखलीच्या रस्त्याला कोंडी, आणि सकाळी तेच टॅक्सीवाले रिकामे बसलेले.

माझं मत आधीच सांगून टाकते. तळामुळे वास्कोला जे मिळालं ते थोडं, रोजचं आणि डोळ्यांना दिसणारं होतं. तळाने राज्याला जे दिलं (तयार धावपट्टी) आणि जे अडवलं (सकाळ), ती दोन्ही फार मोठी आहेत आणि कुठल्याच वहीत नाहीत. म्हणून हा धागा. तुमच्याकडचं लिहा.

---

माणदेशी_नाविक

शुभदाताई, माझ्याही पेट्या मांगोरला रंगवल्या आहेत. कदाचित तुमच्याच बाबांकडे. मी सातारा जिल्ह्यातला, नौदलातून निवृत्त. हंसावर दोन वेळा होतो, दोन्ही वेळा विमानांच्या देखभालीवर.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. आमचा पगार वास्कोत फार थोडा राहायचा. किराणा, साबण, पंखा, मिक्सर सगळं कँटीनमधून. राहायला सरकारी क्वार्टर. उरलेले पैसे मनिऑर्डरने गावी, नंतर बँकेतून. माझ्या गावचं घर, विहीर, धाकट्या बहिणीचं लग्न हे सगळं हंसाच्या पगारावर झालं. म्हणजे गोव्यातल्या तळाचा पैसा माणदेशात जिरला. माझ्या बरोबरीचे बिहारचे, केरळचे, हरियाणाचे सगळे असंच करायचे. वास्कोला मिळालं ते ताजं आणि हाताने करायचं काम: मासे, भाजी, दूध, शिलाई, पेटी, पंक्चर.

आता सकाळच्या वेळेबद्दल. पहिल्या प्रहरी वारा पडलेला असतो, दुपारी समुद्रावरून वारा चढतो. नवख्या वैमानिकाला शिकवायचं तर सकाळच लागते. १९८३ पासून २०१६ पर्यंत सी हॅरिअर लढाऊ विमानं इथून उडाली, २०१० पासून मिग-२९केही आली. विमानवाहू नौकेच्या डेकसारखा चढाचा रॅम्प आणि तारेने विमान थोपवायची सोय जमिनीवर उभारली ती इथेच. १३ सप्टेंबर २०१९ ला नौदलाचं तेजस त्या तारेवर उतरलं. हे काम कुठेही हलवता येण्यासारखं नव्हतं. तुमचे ४९ दिवस आम्ही वाया घालवले नाहीत, एवढंच म्हणणं आहे.

---

शुभदा_मांगोर

काका, वाया घालवले असं मी म्हटलं नाही, आणि तसं वाटलं असेल तर माफ करा. पण मनिऑर्डरचं तुम्ही सांगितलंत ते माझ्या अजिबात लक्षात आलं नव्हतं. वह्यांमध्ये एका पानावर ‘पगार गावी पाठवला, पुढच्या महिन्यात देणार’ असं बाबांनी लिहून ठेवलंय. आता अर्थ लागला.

---

वाचक_रत्नागिरी

वाचतोय. पेट्यांचं वर्णन डोळ्यांसमोर उभं राहिलं.

---

फळा_आणि_खडू

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. माणदेशी यांनी जे सांगितलं त्याला आम्ही गळती म्हणतो. तळावर खर्च झालेला रुपया गावात किती हात फिरतो, त्यावर गावाचा फायदा ठरतो. पगार बाहेर गेला, सामान कँटीनमधून आलं, बांधकामाचा ठेकेदार आणि मजूर परराज्यातले असले, तर तो रुपया एका हातातच संपतो.

राज्याच्या तिजोरीचं आणखी वेगळं. घटनेच्या अनुच्छेद २८५ प्रमाणे केंद्राच्या मालमत्तेवर राज्याला किंवा नगरपालिकेला कर लावता येत नाही. पाणी, रस्ते, दिवाबत्ती यांच्या बदल्यात सेवाशुल्क मिळू शकतं, पण ते घरपट्टीच्या तोडीचं नसतं. किनाऱ्यालगतच्या पठारावरची इतकी मोठी जमीन करातून बाहेर राहणं हा खर्चच आहे.

मात्र एक घटक तुमच्या यादीत नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यात वजनदार आहे: गोवा शिपयार्ड. १९५७ मध्ये पोर्तुगिजांनी खनिज वाहणाऱ्या बार्जेससाठी काढलेला कारखाना. आज तिथे नौदल आणि तटरक्षक दलाची जहाजं बांधतात. ‘त्रिपुट’ ही फ्रिगेट जुलै २०२४ मध्ये तिथेच पाण्यात उतरली. तो तळाचा भाग नव्हे हे खरं, पण गिऱ्हाईक तेच. तिथला वेल्डर, फिटर, ड्राफ्ट्समन वास्को-मुरगावातच घर करतो, तिथेच मुलं वाढवतो, आणि त्याच्या हाताखालून लहान पुरवठादार तयार होतात. माणसं दर तीन वर्षांनी बदलून जाणारा तळ आणि माणसं तीस वर्षं टिकवणारा कारखाना, या दोघांचा गावावरचा परिणाम एका मापाने मोजता येत नाही. मला विचाराल तर ‘नेव्हीमुळे वास्को’ या वाक्यातला निम्मा जीव शिपयार्डचा आहे.

---

सह्याद्री_गडी

क्षमा करा, पण मला हा हिशोबच पटत नाही. देशाच्या संरक्षणाला हॉटेलच्या खोल्यांशी तोलायचं? कोल्हापुरात २०१९ च्या महापुरात माझ्या मावशीच्या गल्लीत छातीएवढं पाणी होतं. गोव्याहून नौदलाची पथकं बोटी घेऊन आली. ते कुठल्या रकान्यात लिहिणार तुम्ही?

---

शुभदा_मांगोर

दादा, जमेच्या रकान्यात, पहिल्या ओळीत लिहीन. मी तळ उठवा म्हणत नाही. वसाहतीतल्या मुलींबरोबर मी शाळेत गेले, त्यातल्या एकीचे वडील समुद्रावरून परत आले नाहीत. संरक्षण हवंच, आणि त्याचा खर्च सगळ्या देशाने उचलायचा असतो. गोव्याच्या बाबतीत त्यातला एक वाटा एका लहानशा राज्याने निमूट उचलला. तो किती होता, हे विचारण्यात नौदलाचा अपमान नाही.

---

काजूबोंड_पेडणे

हा धागा वाचून रात्री झोप आली नाही, म्हणून लिहितोय. तुम्ही सगळे दाबोळीवर बोलताय, पण त्या बंद सकाळची किंमत आम्ही मोपाच्या पठारावर मोजली आहे.

नौदल हलणार नाही, धावपट्टी वाढवायला जागा नाही, मग दुसरा विमानतळ हवा. केंद्राने २००० सालीच मोपाला तत्त्वतः मंजुरी दिली. दोन हजार एकरांवर जमीन गेली. पठारावर आमची काजूची झाडं होती, शेजारी धनगरांच्या वाड्या आणि त्यांच्या गुरांची चराई. धनगर कुटुंबं उठली. झाडांवरून आणि पर्यावरण परवानगीवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मार्च २०१९ मध्ये परवानगी थांबली, जानेवारी २०२० मध्ये पुन्हा मिळाली. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झालं, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं.

माझ्या आजोबांनी लावलेली काजूची झाडं त्यात गेली. भरपाईसाठी एका कार्यालयात किती खेपा घातल्या ते लिहीत नाही. पैसे आले ते तीन भावांत वाटले, आणि माझ्या वाट्याची एक गाडी झाली. ती टॅक्सी म्हणून मी मोपालाच चालवतो. घर चालतंय, खोटं का बोलू. पण मार्च-एप्रिलमध्ये पठारावर बोंडांचा जो वास सुटायचा, घरातली बायकामाणसं पहाटे टोपल्या घेऊन निघायची, बिया वेगळ्या करून बोंडं हुर्राकासाठी (काजूच्या दारूसाठी) भट्टीवाल्याला द्यायची, तो दोन महिन्यांचा पैसा बायकांच्या हातात यायचा. गाडीचा पैसा माझ्या हातात येतो. आईच्या हातात आता काही नाही. हा फरक कुठल्याच अहवालात येत नाही म्हणून मुद्दाम लिहिला.

---

फळा_आणि_खडू

काजूबोंड, तुमचा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवला तर चालेल का? बायकांच्या हातातल्या पैशाचा मुद्दा मी पंधरा वर्षं शिकवतोय, पण इतका स्पष्ट मला मांडता आला नाही.

---

काजूबोंड_पेडणे

वाचा सर. आईलाही सांगतो.

---

बांदेकर_भाचा

बांद्याहून. मोपा आमच्या हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून महाराष्ट्राच्या बाजूचं सांगतो. सावंतवाडी-बांदा भागातली बरीच पोरं तिथे कामाला आहेत: सामान चढवणं, साफसफाई, सुरक्षा, काउंटर. पूर्वी हीच पोरं पणजी-म्हापशाला दुचाकीवरून जायची, आता अंतर निम्म्यावर आलं. घरभाडी वाढली, रस्त्याकडेच्या जमिनींचे भाव चढले.

पण दुसरीकडे आमचं चिपी. सिंधुदुर्गाचा स्वतःचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, आणि सव्वा वर्षात मोपा उभा राहिला. जो मालवण-तारकर्लीला जाणार तो आता भाडं कमी बघून मोपाला उतरतो. तिथून गोव्याची टॅक्सी करतो, कारण एमएच ०७ च्या गाडीने तिथून भाडं उचलायचं म्हटलं की वाद होतो. चिपीला विमानं टिकवणं जड जातंय. आता साखळी बघा: दाबोळीची सकाळ बंद, म्हणून मोपा, आणि मोपामुळे चिपी कोरडं. वास्कोतल्या तळाचा धक्का चिपीजवळ परुळ्याच्या माळावर बसला.

---

काळी_नदी

कारवारहून नमस्कार. घरी कोकणी-मराठी, शाळा कन्नडची. तुमच्याकडे तळ आधी आला आणि गाव त्याच्याभोवती वाढलं. आमच्याकडे गावं होती आणि तळ नंतर आला. सीबर्ड या नौदल प्रकल्पाची पायाभरणी राजीव गांधींनी २४ ऑक्टोबर १९८६ ला केली, त्यातला आयएनएस कदंब हा तळ ३१ मे २००५ ला सुरू झाला. मधल्या काळात किनाऱ्यावरची तेरा गावं उठली, चार हजारांवर कुटुंबं. वाढीव भरपाईचे खटले दशकानुदशकं चालले.

शेतकऱ्याला निदान जमिनीचा पैसा मिळतो. मासेमाराकडे सातबारा नसतो. त्याचा समुद्रच सातबारा, आणि तो मोजून भरपाई देण्याची रीत नाही. माझे मामा रापण ओढायचे. ते पुनर्वसनाच्या जागेत गेले तिथून लाटांचा आवाज येत नाही. दोन वर्षं ते झोपेत उठून बाहेर येऊन उभे राहायचे, असं मामी सांगते.

आणि गोवेकरांनो, आमच्या समोरचं अंजदीव बेट तुमच्याच राज्याचं. तेही नौदलाकडे गेलं, आणि तिथल्या चर्चच्या फेस्ताला पूर्वीसारखं जाता येत नाही.

---

नगरी_बाजरी

आमच्याकडे के. के. रेंज. रणगाड्यांच्या सरावाचं मैदान, नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांच्या हद्दीत. जमीन वाढीव घेणार अशी बातमी काही वर्षांनी पुन्हा पुन्हा येते. मग जमीन घ्यायला गिऱ्हाईक पुढे येत नाही, विहीर खोदावी की नाही कळत नाही, पोराला मुलगी देताना सोयरे विचारतात ‘जमीन राहणार का?’ जमीन गेलेलीही नाही आणि आपलीही वाटत नाही. काळी नदी, तुमच्या मामांचं वाचून गलबलून आलं.

---

माणदेशी_नाविक

कारवारचं वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही. कदंबवर माझे मित्र होते, आम्ही तिथल्या सोयींचं कौतुक करायचो. खाली कुणाचं घर होतं हे विचारलं नाही.

दाबोळीबद्दल एक भर घालतो, दोन्ही बाजूंची. आमचे नियंत्रक दिवसरात्र नागरी विमानंही हाताळायचे, ते ओझं नौदलाच्या माणसांवर होतं. आणि उलट बाजूने, ८ जून २०१९ ला मिगची इंधनाची टाकी धावपट्टीवर पडून आग लागली. प्रवासी विमानं थांबली, काही दुसरीकडे वळवली. लढाऊ विमानं आणि सुट्टीला आलेली कुटुंबं एकाच पट्टीवर ठेवण्यात जोखीम होतीच. दुसरा विमानतळ हवा होता हे मला नोकरीत असतानाच वाटायचं. फक्त तो कुणाच्या काजूवर उभा राहील हा विचार तेव्हा केला नव्हता.

---

चिखलीची_पोर

एक चालू घडीचं. मोपा सुरू झाल्यापासून दाबोळीची विमानं तिकडे वळतायत आणि आमच्याकडे दक्षिण गोव्यातले टॅक्सीवाले, बोगमाळोचे खानावळवाले धास्तावले आहेत. नागरी टर्मिनल ओस पडलं तर नौदलाचं काही अडणार नाही, त्यांना सगळा दिवस मिळेल. अडेल आमचं. म्हणजे ज्या सकाळसाठी इतकी वर्षं भांडलो ती सकाळ मोकळी झाली तरी उतरायला कुणी नाही. सरकार दोन्ही विमानतळ चालतील म्हणतं. कोणत्या विमानाला कुठे उतरायला काय सवलत, हे लेखी ठरलं पाहिजे असं मला वाटतं. वास्कोतून निवेदन देणार असाल तर माझी सही धरा.

---

शुभदा_मांगोर

चिखलीची_पोर, सही धरली. निवेदनाचा मसुदा मी करते. फळा_आणि_खडू सर, सेवाशुल्काचा मुद्दा तुम्ही लिहून द्याल का? काजूबोंड, तुमच्या आईंचा परिच्छेद त्यात घालायचाच आहे, त्यांना विचारून.

माणदेशी काकांनी मला निरोप पाठवून विचारलं की त्यांचं नाव वहीत आहे का. काका, तुमचं सापडलं नाही, पण शोधताना १९९९ चं पान निघालं, ते जसंच्या तसं उतरवते:

‘पेट्या ८. रंग झाला. ठिकाण कोची. साहेब कारगिलमुळे जहाजावर. नेल्या नाहीत.’

खाली वेगळ्या शाईने, चार महिन्यांनंतरच्या तारखेने:

‘वहिनी आल्या. साहेब सुखरूप. बदली आता विशाखापट्टणम. कोची पुसून काळा हात दिला, नवं नाव घातलं, ८ पेट्या.’

रकमेच्या जागी आडवी रेघ आहे. मी बाबांना विचारलं, पैसे घेतले नाहीत का? ते म्हणाले, विशाखापट्टणम हे नाव फार लांब, एका ओळीत बसत नव्हतं, तेवढंच आठवतंय.